दाढ दुखायची थांबली त्या दिवशी

सकाळचा चहा झाला की बिरादारांच्या घरात हजेरी व्हायची. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वाटीएवढं एक पांढरं यंत्र बसवलेलं होतं. त्याच्यासमोर उभं राहून एका दमात एक ते वीस आकडे म्हणायचे. दमसाथ, म्हणजे फुप्फुसांना धरणारी ती साथ, सुरू झाल्यापासून उदगीरमधल्या घराघरात ते पोचलं होतं. आवाजातल्या बारीक कंपनांवरून फुप्फुसात सूज उतरते आहे का, हे ते ओळखायचं. सरकारी कागदांवर त्याचं नाव लांबलचक होतं, लोक मात्र त्याला ‘कानोसा’ म्हणत.

प्रमिलाबाई बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आकडे म्हणताना आजही त्यांचा सूर वर्गातलाच लागे. गेले आठ दिवस त्यांची खालची शेवटची दाढ ठणकत होती. दातांचे दवाखाने साथीमुळे जवळजवळ बंद होते. दात कोरताना तोंडातले तुषार हवेत उडतात आणि त्यातून दमसाथ पसरते, म्हणून फक्त तातडीच्या रुग्णांनाच आत घेत.

“डॉक्टरांना विचारायचं का?” बसवराजांनी, त्यांच्या यजमानांनी, दोनदा विचारलं होतं.

“अहो, तिथं लोकांना श्वास मिळेना झालाय. मी काय दाढ घेऊन जाऊ?” असं म्हणून त्यांनी लवंगेचं तेल लावलं, गोळ्या घेतल्या आणि रोज कानोशाने ‘काही त्रास?’ विचारलं की ‘काही नाही’ असं उत्तर दिलं.

नवव्या दिवशी पहाटे ठणका अचानक थांबला. प्रमिलाबाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी उत्साहाने उप्पीट केलं. खायला बसल्यावर मात्र तोंड धड उघडेना. दोन घास चमच्याने आत ढकलले, तेही घशाखाली उतरायला वेळ लागला. हनुवटीखाली जडपणा आला होता. ‘सूज आहे, ओसरेल,’ त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि हजेरीला उभ्या राहिल्या.

वीसपर्यंत म्हणून झालं. हिरवा दिवा लागला, पण नेहमीसारखा विझला नाही.

“फुप्फुसं ठीक आहेत,” कानोसा म्हणाला. “पण ‘आठ’ आणि ‘अठरा’ म्हणताना तुमची जीभ टाळूपर्यंत पोचत नाही. काल पोचत होती. दात दुखतो आहे का?”

“नाही,” प्रमिलाबाई म्हणाल्या. आणि खरंच दुखत नव्हतं.

“आधी दुखत होता?”

त्यांनी पदर हनुवटीवर ओढून घेतला. बसवराजच पुढे आले. “आठ दिवस. आज थांबलाय.”

“डॉक्टरांना जोडून देतो. आडवं होऊ नका, बसून राहा.”

मिनिटभरात बसवराजांच्या फोनवर एक तरुण चेहरा दिसला. लातूरच्या मदतकेंद्रावरच्या दंतवैद्य, डॉ. आफरीन देशमुख.

“काकू, जीभ बाहेर काढा बघू.”

जीभ ओठांपर्यंतही आली नाही.

“काका, त्यांच्या हनुवटीखाली बोटं लावा. मऊ लागतंय की कडक?”

“लाकडासारखं कडक आहे.” बसवराजांचा हात तिथेच थांबला. नऊ दिवस बायकोसमोर बसून जेवत असूनही त्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं.

“एक घोट पाणी गिळा, काकू.”

पाणी ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं.

“मी उदगीरचीच रुग्णवाहिका पाठवलीय,” डॉ. आफरीन शांतपणे म्हणाल्या. “नुसता ठणका असेल तर औषधावर थोडे दिवस काढता येतात. पण सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकली, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप चढला किंवा रक्त थांबेना, तर साथ असो नसो, घरी थांबायचं नाही.”

“पण दुखायचं थांबलं...” प्रमिलाबाईंचे शब्द तोंडात गरम घास असल्यासारखे येत होते.

“पू हाडात कोंडलेला होता तोवर दुखत होतं. आता त्याने वाट काढलीय, म्हणून दाब कमी झाला. पण ती वाट जिभेखाली गेलीय, आणि तिथून श्वासनलिका लांब नाही.”

गाडी अकरा मिनिटांत आली. गावातल्याच रुग्णालयात त्यांना बसवूनच आत नेलं. श्वासासाठी नळी घातली, हनुवटीखाली छेद देऊन पू काढला, दाढही काढली. आणखी दोन तास गेले असते तर नळी घालायला वाट उरली नसती, असं तिथल्या शल्यवैद्यांनी बसवराजांना नंतर सांगितलं.

सहाव्या दिवशी प्रमिलाबाई घरी आल्या. गळ्याला पट्टी होती, आवाज बारीक होता. डॉ. आफरीन यांचा चौकशीचा फोन आला तेव्हा त्या सगळ्यात आधी म्हणाल्या, “बाळा, तुझे उपकार कसे फेडू?”

“माझे कमी, काकू. मी फक्त पाहिलं. ऐकलं यंत्राने.”

“ते तर फुप्फुसासाठी होतं ना? त्याला जिभेचं कसं कळलं?”

डॉ. आफरीन सांगू लागल्या, “मागच्या लाटेत एक गृहस्थ असेच, दाढेच्या सुजेने, गेले. तीन दिवस बहिणीला फोनवर सांगत होते, मी बरा आहे, आता दुखत नाही. त्या बहिणीकडे ते बोलणं साठवलेलं होतं. तिने ते आम्हाला दिलं. कानोसा ते शब्द ऐकून शिकला.”

प्रमिलाबाईंनी बसवराजांकडे पाहिलं. ते खाली मान घालून पट्टीची सुटलेली कड बसवत होते.

“तिला भेटता येईल?”

“नाव उघड करता येत नाही, काकू. पण तुम्हालाही विचारायचं होतं. तुमच्या त्या नऊ सकाळींचा आवाज आम्ही ठेवला तर चालेल? दुखत असून ‘काही नाही’ म्हटलेला? नाही म्हटलंत तरी चालेल. तो घरातला, तुमचा स्वतःचा आवाज आहे.”

प्रमिलाबाईंना स्वतःचंच ‘काही नाही’ आठवलं आणि थोडी लाज वाटली. मग लाजेच्या जागी काहीतरी उबदार येऊन बसलं.

“ठेवा,” त्या म्हणाल्या. “सगळा ठेवा. पण माझं एक काम करशील? त्या बहिणीला एवढं तरी कळवता येईल का, की तिच्या भावाचं बोलणं शेवटी कुणीतरी ऐकलं?”