दुसरा गाल

दार उघडणाऱ्या माझ्याच वयाच्या मुलाच्या हातात लोणी लावलेला टोस्ट होता. मी म्हटलं, "हॅलो, मी नेरेआ," आणि आम्ही स्पेनमध्ये, झारागोझात, सगळ्यांना भेटल्यावर करतो तेच केलं. एका गालावर एक पापा, दुसऱ्यावर दुसरा.

टोस्ट खाली! मुलगा कानापर्यंत लाल! मागे त्याची आई, मिसेस हेगार्टी, किटली हातात धरून पुतळा झालेली. कुत्र्यानं तेवढ्यात टोस्ट पळवला.

आमचा शेवटच्या वर्षाचा वर्ग दोन आठवडे इंग्रजी बोलायला आयर्लंडला आला होता, मला राहायला हेगार्टींचं घर मिळालं होतं... आणि दारातच माझी वाचा बसली.

तो टोस्टवाला मुलगा, कॉर्मॅक, मात्र नंतर बोलका निघाला. रोज वर्गापर्यंत सोबत यायचा.

"केवढा हा पाऊस!"

"हा? ही नुसती ओली हवा आहे. तुम्ही स्पॅनिश लोक काय मिठाचे असता?"

"आणि तुम्ही बेडूक!"

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही समुद्राकाठच्या भिंतीवर बसलो. मध्ये चिप्सचा पुडा.

"नेरेआ... पहिल्याच दिवशी तू एवढी धीट, आणि मी आजवर गप्प—"

"पहिल्या दिवशी काय?"

"ते... पापे."

"अरे, ते सगळ्यांनाच देतो आम्ही! दातांच्या डॉक्टरलासुद्धा!"

"डॉक्टरला," तो हळूच म्हणाला, आणि उठला.

मी थक्क. हा मुलगा त्या दोन पाप्यांवर दोन आठवडे जगला होता! आणि त्याचा चेहरा उतरला तर मला चिप्स बेचव का लागावेत? त्याला हाक मारायची होती... एक इंग्रजी शब्द सुचेना.

सकाळी बस आली. मिसेस हेगार्टींनी आपणहून दोन्ही गाल पुढे केले. दोन पापे. कुत्र्यालाही दोन. कॉर्मॅकनं मात्र हात पुढे केला, परक्या पाहुण्याला करावा तसा.

मी हात बाजूला सारला. त्याच्या डाव्या गालावर ओठ टेकले... जरा जास्तच वेळ. त्यानं डोळे मिटून दुसरा गाल वळवला.

मी बसमध्ये चढले.

"अगं, दुसरा?" तो ओरडला.

"दोन सगळ्यांना मिळतात," मी खिडकीतून म्हटलं. "तुझा दुसरा न्यायला झारागोझाला ये!"

आमच्या इंग्रजीच्या रोसारिओबाईंचा चष्मा नाकावर घसरला.

"नेरेआ!" त्यांनी तो वर ढकलला. "इंग्रजी... इंग्रजी बिनचूक होतं हो."

बस वळली तरी तो त्या ओल्या हवेत उभाच होता, दुसरा गाल पुढे करून.