बाईंची चाळीस पानं

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय, आणि त्याचा हात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

दादा मांगा काढतो. म्हणजे जपानी धर्तीच्या चित्रकथा.

त्याला शिकवलं बाईंनी. बाई जुन्या वळणाच्या. आधी पेन्सिल, मग टाक आणि शाई. चूक झाली की पान फाडून पुन्हा पहिल्यापासून. दादा मात्र स्क्रीनवर काढायचा.

"बाई, इथे चूक एका बोटाने पुसता येते," तो चिडवायचा.

"पुसशील रे. पण जाईल का?"

मग बाई आजारी पडल्या. त्यांच्या शेवटच्या चित्रकथेची चाळीस पानं दादाने स्कॅन करून देतो म्हणून नेली... आणि स्वतःचं नाव घालून प्रकाशकाला पाठवली.

बाईंना अंथरुणावर कळलं. स्वतःच्या बहिणीला एवढंच म्हणाल्या, "त्याला सांग, माझी पानं मी घेऊन जाणार."

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

पंधरा दिवसांनंतरचा रविवार. सकाळचे अकरा. चौथ्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत लख्ख ऊन. प्रकाशकाने मागितलेली दुरुस्ती म्हणून दादा स्क्रीनवर शेवटच्या पानावर हात फिरवत होता.

खर्र... खर्र...

कागदावर टाक ओढल्याचा आवाज.

काचेवर प्लास्टिकचं पेन असं वाजत नाही. त्याने पेन उचललं.

आवाज थांबला नाही.

स्क्रीनवर एक नवा लेयर, म्हणजे चित्रावरचा पारदर्शक थर, उघडला होता. त्यावर काळी रेष... आपोआप सरकणारी. त्याने पुसली. पुन्हा आली. अख्खा लेयर उडवला. तोही परत आला. मग चित्रातला एकेक चेहरा काळा होत गेला. डोळे, तोंड, सगळं.

दादाने वायर उपटली. स्क्रीन विझली.

खर्र... खर्र...

आता कपाटातून.

आत बाईंची मूळ पानं होती. त्याने दार उघडलं आणि आवाज बंद.

चाळीसच्या चाळीस पानं कोरी. पेन्सिलचा ओरखडासुद्धा नाही.

फोन वाजला. प्रकाशक होता. "अहो, थट्टा लावलीय का? सगळी फाइल कोरी आहे!"

फोन दादाच्या हातातून निसटला. उजवा हात मनगटापर्यंत काळाकुट्ट झाला होता... आणि शाई ओली होती.

आईने साबण, रॉकेल, काय काय लावलं. डॉक्टर म्हणाले, कातडीत दोष नाही. पण मूठ वळेना ती वळेनाच.

दादाने सगळं कबूल केलं. बाईंच्या बहिणीपुढे ढसाढसा रडला.

ती म्हणाली, "मी माफ करेन रे. तिचं मी कसं सांगू?"

दोन वर्षं झाली. परवा त्याच्याकडे गेले होते. चहाचा कप त्याने डाव्या हातात घेतला.

त्याही हाताच्या करंगळीचं नख काळं होतं...

माझी नजर पडली तसा कप खाली ठेवून त्याने हात चादरीखाली ओढून घेतला.