वज्रनखचे टॉवेल

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात टॉवेलवर नावं विणतात. लॉजची, आहेराची, एकदा तर एका पडलेल्या उमेदवाराचं. पुठ्ठ्यांना भोकं पाडून ते मागावर चढवले की टॉवेलवर अक्षरं उमटतात. हे काम मी बघून बघून शिकले. त्यामुळे आरमाराच्या 'वज्रनख' जहाजाची ऑर्डर आली तेव्हा ऐटीत सांगितलं, पुठ्ठे तयार आहेत. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच नावाच्या जहाजाचे टॉवेल आमच्याकडेच विणले होते. ते जहाज निवृत्त होऊन भंगारात गेलं, नाव नव्या जहाजाला मिळालं. नाव तेच, तर पुठ्ठेही तेच.

या रीतीचं मला फार कौतुक. लोखंड गंजलं तरी नाव गंजू देत नाहीत. आपल्याकडेही आजोबाचं नाव नातवाला ठेवतातच की. मग सून बिचारी पोराला नावानं रागावूही शकत नाही.

काठ शिवणाऱ्या सुगराबीला मात्र हे सांगायची सोय नव्हती. तिचा नवरा, कुंभारी गावचा गौसभाई, जुन्या वज्रनखवर होता. वादळात डेकवरून गेला, सापडला नाही. तेव्हा पोटात असलेला एजाज आता नव्या वज्रनखवर निघालेला. तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"नाव बापाला घिऊन गेलं, अक्का," ती म्हणाली. "पोराला वळखणार न्हाय व्हय?"

मी म्हटलं, नाव म्हणजे काय माणूस आहे, ओळखायला?

मे महिन्यातली दुपार होती. पहिला टॉवेल मागावरून उतरला. सगळा कोरडा, अक्षरं तेवढी ओली. मी छताकडे पाहिलं, मग माग चालवणाऱ्या शिवलिंगप्पाच्या घामाकडे. तो रुसला. दुसरा टॉवेल तसाच. तिसराही. बाहेर तारेवर टाकले. आमच्या उन्हात चादर दहा मिनिटांत वाळते, ही अक्षरं संध्याकाळपर्यंत वाळली नाहीत. त्यांच्या कडेला पांढरी रेघ धरली. मी जिभेला लावून पाहिली. खारट.

आपल्या बोअरचं पाणी खारटच असतं, मी म्हटलं.

"बोअरला माशाचा वास न्हाय येत," शिवलिंगप्पा म्हणाला.

तीन दिवस बसून मी नवे पुठ्ठे केले. त्यावरचे टॉवेल कोरडे निघाले, तेच पाठवले. एजाज आईच्या निरोपाविना गेला.

महिन्याभरानं त्याचा फोन आला, माझ्या मोबाइलवर, कारण आई त्याचा उचलत नव्हती. ती समोरच शिवत बसली होती. मी स्पीकर लावला.

खवळलेल्या समुद्रात डेकवर पाय सटकला होता, तो सांगत होता. मागून कुणीतरी कॉलर धरून आत ओढलं. खलाशी होता, कुंभारीकडचं बोलणारा. तेव्हापासून पहाऱ्याला रोज शेजारी उभा असतो. जेवलास का, विचारतो. "मावशी, जहाजाच्या यादीत तसा कुणीच नाही. आत्ताही इथंच आहे."

शिलाई मशीन थांबलं.

सुगराबीनं माझ्या हातातून फोन घेतला.

"त्यास्नी सांग," ती म्हणाली, "घरी यायची घाई न्हाय. पोरापाशी थांबा म्हणावं."

एजाज काही बोलायच्या आधीच फोनमधून कुणीतरी म्हणालं, "व्हय."

सुगराबीनं डोक्यावर पदर ओढून घेतला.