अपुरा पाइंट

बिअर ओढायचे हातपंप चार, पैकी चालू तीन. टेबलं सहा, खुर्च्या बारा. गिऱ्हाइकं दोन: बारपाशी स्टुलावर विणत बसलेल्या मिसेस टॅटरसॉल आणि स्वतः हेस्टर. क्रॅगथॉर्प जंक्शनच्या दोन नंबर फलाटावरच्या बारची तपासणी हेस्टर ऑर्मरॉडने नेहमीसारखी मोजदादीने सुरू केली. एरवी ती प्रयोगशाळेत रसायनं तपासायची. सुट्टीत बिअरप्रेमींच्या संघटनेसाठी पबना गुण द्यायची. पाचपैकी तीनच्या खाली गेलं, की वार्षिक मार्गदर्शिकेतून नाव गळालंच.

मालक आयडनने पाइंटच्या मापाचा ग्लास काठोकाठ भरला. खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांच्या टेबलाशी बसून तिने थर्मामीटर बुडवला. बारा अंश. तळघरातून आलेली बिअर असावी तशीच. थर्मामीटर पुसून तिने वर पाहिलं, तर बिअर काठाखाली दोन बोटं.

तिने अजून ओठही लावला नव्हता.

"पाइंट अपुरा आहे," तिने ग्लास बारवर ठेवला.

आयडनने भरून दिला. ती परत बसली, मफलर सोडला. पुन्हा दोन बोटं.

"हा काय चावटपणा आहे, मिस्टर आयडन?"

"पोरी, तुझ्या डोळ्यांदेखत भरला ना?"

"मला पोरी म्हणू नका! मापात मारता, वर लाडीगोडी! मी शून्य देणार आहे."

आयडनचा चेहरा उतरला. "मार्गदर्शिकेतून नाव गेलं तर रेल्वेवाले बार काढून इथे कॉफीचं यंत्र बसवणार. सांगून ठेवलंय त्यांनी."

"त्याच्यावर कशाला डाफरतेस गं?" मिसेस टॅटरसॉल सुयांवरची नजर न काढता म्हणाल्या. "त्या टेबलाशी बसलीस आणि एकटीपुरतंच घेऊन आलीस. सोबतच्याला कोण पाजणार?"

"कोण सोबत? खुर्ची रिकामी आहे!"

"एवढी शिकलेली," त्या विणकामाला म्हणाल्या, "आणि राउंड चुकवते."

हे मात्र हेस्टरला झोंबलं. टेबलावरच्या सगळ्यांसाठी आपली पाळी आली की आपण घ्यायचं; तिने जन्मात कधी पाळी टाळली नव्हती. तणतणत तिने दोन पाइंट आणले आणि एक रिकाम्या खुर्चीपुढे आदळला.

"घ्या! झालं समाधान?"

तिने दोन्ही ग्लासांवर डोळे रोखले. थेंबही हलला नाही.

"बघा!" ती विजयाने बारकडे वळली.

आयडन पाठ करून तोच तो ग्लास पुसत राहिला. सुया थांबल्या होत्या.

ती परत वळली. समोरचा ग्लास रिकामा होता. आतल्या बाजूने फेस हळूहळू खाली ओघळत होता.

तिचा मात्र काठोकाठ.

तिने तो एका दमात तळापर्यंत संपवला आणि उठली.

"चार गुण," ती आयडनला म्हणाली. आवाज चिरका निघाला. "तुमचं माप बरोबर आहे."

"निघालीस?" मिसेस टॅटरसॉलनी विचारलं. "बस ना. आता पाळी त्याची."

समोरची खुर्ची मागे सरकलेली होती.

तिन्ही पंपांचे दांडे उभेच, कोणी ओढले नव्हते. आयडन जागचा हलला नव्हता.

तिचा ग्लास भरलेला होता. काठोकाठ, फेसासकट.

हाताला सवय होती. तिने थर्मामीटर बुडवला, पारा थांबेपर्यंत धरला.

सदतीस अंश. माणसाच्या अंगाची असावी तशी ऊब.