गाडीचं जुनं नाक

"आईला मोटारीतलं काय कळतं," असं माझा मुलगा मिस्त्रीसमोर म्हणाला, तेव्हाच मी ठरवलं की याचा निकाल मीच लावणार. शाळा माझी चौथीत सुटली, पण ह्यांच्या त्या दोन सीटांच्या शर्यतीच्या गाडीत पहिल्या दिवसापासून शेजारी मी बसले, तो नव्हे.

वाद एवढाच होता. जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता आणि वडिलांची गाडी मुलाला घाटातून स्वतः चालवत न्यायची होती. गाडीला नवे कार्ब्युरेटर होते. मूळचे दोन, ज्यांच्या तोंडांतून इंजिन हवा ओढून घेतं, ते ह्यांनी कधीचे काढून पत्र्याच्या पेटीत ठेवले होते.

मिस्त्रीला सगळे झटपट म्हणतात, कारण एकही काम त्याने आजवर झटपट केलेलं नाही. "नवे चांगले चालतात, मावशी," तो म्हणाला. "मालकांनी जुने उगाच काढले नसतील."

"उसनं नाक लावून ह्यांची गाडी चार लोकांत जायची नाही," मी म्हणाले.

पेटी मीच आणली. जुने काढल्यापासून जाईपर्यंत हे रोज सकाळी ती मांडीवर घ्यायचे आणि झाकणावर तळवा ठेवून बसायचे. मी विचारायची, अंडी उबवताय का? हसायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "हे नाक नुसती हवा ओढत नाही गं." मी म्हटलं, मग काय चहा ओढतं? पुढे आजारपणात हात पुसताना ह्यांच्या तळव्यावर एक गोल वळ दिसायचा. पेटीवर हात ठेवून पडला असेल, म्हणून सोडून दिलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ते दोन्ही रॉकेलने घासले. तोंडं पितळेची, बशीच्या खळग्याएवढी. मग दुसऱ्या टोकाला पीठ चाळायला घेतलं. चाळणीतून पीठ सरळ पडेना. तिरपं पडत होतं, त्या तोंडांकडे. वारा असेल, म्हटलं. खिडकी बंद होती.

मुलाला काही बोलले नाही. एकदा म्हटलं ते म्हटलं.

झटपटने सगळा दिवस लावून जुने बसवले. थंड इंजिन सुरू करायची ह्यांची रीत होती: एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने तोंडांवर तळवे दाबून हवा कोंडायची. किल्ली माझ्याकडे असायची, तळवे ह्यांचे. आज मुलगा आत बसला आणि झटपटने तळवे ठेवले. लगेच काढले.

"ओढतंय," तो म्हणाला.

"इंजिन आहे. ओढणारच."

"आई," मुलगा आतून म्हणाला, "किल्ली अजून माझ्या खिशात आहे."

झटपट हात पुसत राहिला. मी पदर खोचला आणि पुढच्या तोंडावर तळवा ठेवला.

आधी गार हवा. तळवा आत ओढला गेला.

मग ओढ थांबली.

आतून दुसरा तळवा माझ्या तळव्याला टेकला.

मऊ, ओलसर. बोटं चाचपडल्यासारखी हलली.

ह्यांचा हात मी झोपेतही ओळखेन. तो ह्यांचा नव्हता.

"उतरव," मी झटपटला म्हणाले.

"अगं, पण तूच म्हणालीस ना..." मुलगा आतून म्हणाला.

"मीच म्हणाले, मीच मोडते. नवे लाव. त्याशिवाय तू घाट चढायचा नाहीस."

मुलगा नव्यांवर गेला आणि धडधाकट परत आला. नाकाकडे कोणी बघितलंसुद्धा नाही, म्हणाला.

"भंगारात देऊन टाका," झटपटने सुचवलं.

"भंगारवाल्याला पोरं नाहीत?"

जुने परत पेटीत घालून ती कपाटात ठेवली, तर पीठ पुन्हा तिरपं पडायला लागलं. ती टेबलावर आणून झाकणावर तळवा दाबला, दुसऱ्या हाताने चाळून पाहिलं. सरळ पडलं.

आता सकाळी मी पेटी मांडीवर घेऊन बसते. मुलगा येता-जाता विचारतो, "काय आई, अंडी उबवतेस का?"

मी हसत नाही. गाडी धुऊन ठेव म्हणते.

काल उठताना तळवा पाहिला. मधोमध गोल वळ होता, बशीच्या खळग्याएवढा. मग झाकणावरून बोट फिरवलं.

झाकण सपाट आहे.