आहात तिथेच थांबा

महाडमध्ये शहाणा माणूस महत्त्वाची वस्तू तळमजल्यावर ठेवत नाही. सावित्री नदीच्या पुरांनी आम्हाला तेवढं शिकवलंय. म्हणून आमच्या हॉस्पिटलचा फोन सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर, औषधांच्या खोलीशेजारी आहे. रुग्णवाहिकेसाठी येणारा प्रत्येक फोन त्याच्यातून जातो. तो मुका झाला तर घाटात आदळलेल्या माणसानं कुणाला बोलवायचं? म्हणून त्याला दोन वाटा हव्यातच, हे यंत्रणा सांभाळणारा म्हणून मी डॉक्टरांच्या डोक्यात घण घालून बसवलं.

पहिली वाट हायवेच्या कडेनं येणारी केबल. ती जेसीबीवाले येता-जाता तोडतात. दुसरी मी डोंगरावरून आणली होती, बिनतारी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत खांब, खांबावर अँटेना, खाली पेटी. त्या वाडीत आता एकाच घरची चूल पेटते, हैबतींची. आमच्या रिसेप्शनवरच्या निशाचे ते वडील. पेटीशेजारी तपासणीसाठी मी एक फोन ठेवला होता. मोबाइलला तिथे रेंज नाही, त्यामुळे जेवण झालं की म्हातारा त्यावरून लेकीशी बोलायचा. इकडे तिच्या फोनवर नाव उमटायचं, ‘डोंगर’.

“गुडघे गेलेत, तरी म्हशी सोडून खाली येत नाहीत,” निशा करवादायची.

खांब उभारताना मी हैबतींना माझी हुशारी समजावली होती. सर्व्हर आधी एका वाटेवर हाक मारतो, उत्तर आलं नाही तर दुसऱ्या वाटेवर. ते हसले.

“आमची हाळी तशीच हाय की, सायेब. डोंगराच्या सोंडेवरनं हाळी द्यायची. ज्याला पयली आयकू येल त्यानं ओ द्यायची. एकानं ओ दिली की बाकीच्यांनी आपापल्या कामाला लागायचं.”

“अगदी बरोबर!” मी म्हणालो. मला फार कौतुक वाटलं होतं.

गेल्या महिन्यात दासगावच्या बाजूनं नवी केबल आली आणि मी डोंगरावरची वाट मोडीत काढली. निशा मागे लागली, “सर, खांब आणि फोन राहू द्या ना. बाबांना काही झालं तर कुणाला कळणार?”

“अगं, ही हॉस्पिटलची यंत्रणा आहे, घरगुती नाही.”

हैबतींनी वायर स्वतः गुंडाळून दिली. ताक पाजलं. तो फोन माझ्या स्कूटरच्या डिकीत पडून राहिला.

नव्या जोडणीची चाचणी नंतर एका दुपारी घेतली. तातडीचे फोन तेवढ्यापुरते मोबाइलवर वळवले होते. निशा शेजारी फोन घेऊन बसली होती. मी पहिली केबल उपसली. चाचणीचा कॉल दुसरीवरून आला. शाब्बास! मग दुसरीही उपसली. आता सगळं गप्प व्हायला हवं होतं.

निशासमोरचा फोन वाजला.

‘डोंगर’.

दोन्ही केबल माझ्या हातात होत्या.

“बाबा!” निशानं हात पुढे केला.

“उचलू नकोस! जुनी नोंद राहिली असेल सर्व्हरमध्ये. तो फोन माझ्या डिकीत आहे, बाई!”

तो वाजतच राहिला. माझे कान किटले. शेवटी एक बटण दाबून मी तो कॉल प्रतीक्षेच्या रांगेत टाकला. तिथे निशाच्याच आवाजातली सूचना पुन्हा पुन्हा लागते. ‘घाबरू नका. आहात तिथेच थांबा. आम्ही येतोय.’

वाजणं थांबलं.

“सर, मी आज लवकर निघू? वर जाऊन येते.”

“चाचणी संपू दे. उद्या जा.”

उद्या जा. का म्हणालो मी? त्या दोन शब्दांसाठी माझी जीभ झडायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली आणि गोठ्यामागे हैबती सापडले. घसरून पडले होते, कंबरेचं हाड मोडलं होतं. पडले आदल्या दुपारी, जीव गेला पहाटे, असं आमच्याच डॉक्टरांचं मत पडलं.

मी वर पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. समोरच्या वाडीतली तुळसा निशाला पोटाशी धरून बसली होती.

“काकी, बाबांची हाळी तुमाला आयकू नाय आली?” निशा विचारत होती.

“आली की गो. दुपारधरनं देत व्हता. आमी निघालोच व्हतो.”

“मग?”

“मग तू ओ दिलीस ना.”

निशा तिच्या मिठीतून मागे सरली.

“तुजा आवाज मी वळखत नाय काय? म्हटलं लेक आलीय, आता आपलं काय काम. रातभर सांगत व्हतीस गो त्याला. घाबरू नका, हाय तिथंच थांबा…”

निशानं माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी सर्व्हर उघडला. ‘डोंगर’ ही नोंद त्यात नव्हतीच. खांब काढला त्याच दिवशी मी ती पुसली होती.

प्रतीक्षेच्या रांगेत मात्र एक कॉल होता.

मी हेडफोन कानाला लावला. निशाचा आवाज सांगत होता, आम्ही येतोय. आणि तो थांबला की प्रत्येक वेळी, लांबून, दमलेल्या आवाजात कुणीतरी ओ देत होतं.