दोन नंबरच्या खिडकीची मूठ

“कडी लाव, दिवा लाव, मग ये जेवायला!”

ही घड्याळजींच्या आईची हाक. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली. ते घर गेलं, ती कडीही गेली. आता त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला लोखंडी शटर आहे. तरी रस्त्यापलीकडून कुणी आई पोराला “अरे, कडी लाव” म्हणाली की घड्याळजींचा उजवा हात आपसूक वर जातो आणि रिकामी हवा चाचपून मुकाट खाली येतो.

त्या दुपारी तो असाच वर गेला, तेव्हा समोर बाई बसल्या होत्या.

“काय शोधताय, घड्याळजी?”

“काही नाही. आईनं हाक मारली.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी खरडलं. कोर्टात वीस वर्षं लघुलेखिका म्हणून त्यांनी साक्षीदारांचं बोलणं अक्षरन् अक्षर उतरवलं होतं. नोकरी संपली तशी दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं. घड्याळजी त्यांचे सोबती, म्हणजे बाई विचार करत तेव्हा गप्प बसायचं आणि बाई गप्प बसत तेव्हा काहीतरी बोलायचं.

तेवढ्यात दारात एक स्त्री येऊन उभी राहिली. रडून रडून डोळे कोरडे पडले होते.

“परवा माझे यजमान गेले,” ती म्हणाली. “गेले म्हणजे, मारलं त्यांना. आणि पोलिसांनी माझ्या दिराला धरलंय. उद्या अकराला कोर्टात उभा करणार. बाई, तो तापट आहे, जुगारी आहे, सगळं आहे. पण भावावर हात टाकणारा नाही. मी त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलाय.”

यजमान सरकारी तपासनीस होते. परराज्यात घोडे पळायचे, इथे एका हॉलमध्ये ते पडद्यावर दिसायचे आणि लोक त्यांच्यावर पैजा लावायचे. कायदा एकच, पण कडक: तिकडे घोडे सुटले की इकडे एकही पैज घ्यायची नाही. हे पाहायला सरकारचा माणूस हॉलमध्ये हजर हवा. अकरा वर्षं तो माणूस म्हणजे तेच.

“दिराला त्यांनी हॉलबंदी केली होती. त्यावरून तो तीन वीसला त्यांच्या खोलीत भांडायला गेला. दोन मिनिटांत किंचाळत बाहेर आला. हे खुर्चीत होते... गळ्याला तार.” ती थांबली. “तीन दहाला लाउडस्पीकरवर त्यांचा आवाज सगळ्या हॉलनं ऐकला. त्यानंतर आत गेला तो एकटा दीर. झालं, पोलिसांना एवढं पुरलं.”

“आवाज काय म्हणाला?”

“खिडक्या बंद, असंच काहीतरी. रोजचंच.”

“असंच काहीतरी मला चालत नाही, वहिनी,” बाई उठत म्हणाल्या. “अर्थ नको, शब्द हवेत.”

हॉल मोठा, बुटक्या छताचा होता. भिंतीवर विझलेले पडदे, खाली पैजांच्या चार खिडक्या, कोपऱ्यात मॅनेजरचा काउंटर. त्यामागे धुरकट काचेची तपासनीसांची खोली. बंद हॉलमध्ये शिळ्या सिगारेटींचा वास कोंडला होता.

मॅनेजर चुरगळलेल्या कोटात आणखी चुरगळून बसला होता. “नवा नियम लागू झाला आणि त्याच दिवशी हे! आधी कसं सरळ होतं. साहेब पडद्याकडे बघायचे, घोडे सुटले की माइकवर सांगायचे, आणि खिडकीवरचे लोक मूठ धरून आपापला पल्ला खाली ओढायचे. सरकारला ते पसंत नाही! मुठी काढल्या. साहेबांच्या टेबलाखाली कळ बसवली. ती दाबली की चारही पल्ले धाडकन खाली. साहेबांनी मग नुसतं जाहीर करायचं.”

“आणि कळ बिघडली तर?”

“तशीच दुसरी या काउंटरखाली आहे. आतल्या बाजूला.”

खोलीत एक छोटा पडदा, माइक, टेप वाजवायचं नि भरायचं यंत्र आणि कोरा करकरीत टेलिफोन होता.

“हा थेट तिकडच्या मैदानाशी जोडलाय,” मॅनेजर म्हणाला. “परिपत्रकाच्या दुसऱ्या पानावर होता म्हणे. दुसरं पान कोण वाचतं? साहेब वाचायचे. सकाळी आम्ही कुणी यायच्या आत त्यांनी बसवून घेतला.”

टीपकागदावर पेन्सिलीनं आकड्यांच्या तीन जोड्या लिहिल्या होत्या. एक अठ्ठावीस, एक तीस. दोन दोन, दोन चार. दोन एकतीस, दोन तेहेतीस.

घड्याळजींचा चेहरा उजळला. “एक घड्याळ दोन मिनिटं मागे पडलंय. आणा इकडे, लावून देतो.”

“खोलीत घड्याळ एकच आहे, घड्याळजी,” बाई म्हणाल्या.

प्रत्येक शर्यतीची घोषणा टेपवर भरून ठेवायची, हाही नियमच होता. बाईंनी परवाची टेप लावली. मृत माणसाचा आवाज शांत आणि थोडा घोगरा निघाला: “पहिली शर्यत. खिडक्या बंद झाल्या.” मग “दुसरी शर्यत. खिडक्या बंद झाल्या.” मग तिसरी. त्यानंतर नुसती खरखर.

“चौथी?”

“नाही उतरली. यंत्र अडकलं असणार. सगळे प्रेताकडे बघत होते तेव्हा पडद्यांवरचं चित्र सांभाळणारा आमचा पोरगा, पडदेवाला, त्यानंच धावत येऊन ते बंद केलं.”

कपाटात जुन्या टेपा ओळीनं लावल्या होत्या. घड्याळजींना नीटनेटकेपणाचं वेड. “बाई, एवढी एक गुंडाळायची राहिलीय. बाकी सगळ्या सुरुवातीला आहेत, ही मध्येच थांबलीय.” त्यांनी हात पुढे केला.

“हात लावू नका,” बाई म्हणाल्या, इतक्या हळू की घड्याळजी दचकलेच. मग त्या मॅनेजरकडे वळल्या. “तिसरी आणि चौथीच्या मध्ये आत कोण कोण गेलं?”

“मी, सही घ्यायला, दोन चाळीसला. खिडकीवरची ताई पाणी घेऊन पावणेतीनला. पडदेवाला वायर बदलायला, तीनला दहा कमी असताना. पण त्याचा काय उपयोग? साहेब तीन दहाला बोलले की! अगदी छापील वेळेला. त्यावरून तर बोंब झाली. तिकडे एक घोडा फाटकात शिरेना, शर्यत चार मिनिटं उशिरा सुटली. आणि आमच्या खिडक्या आधीच बंद. लोकांनी माझा बाप काढला हो!”

ताई दोन नंबरच्या खिडकीवर बसायची. पस्तिशीची, शांत, केस घट्ट बांधलेले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पट्टी होती.

“सुरी लागली घरी,” तिनं विचारण्याआधीच सांगितलं.

घड्याळजी तिच्या पल्ल्याकडे बघत होते. मूठ काढली होती तिथे स्क्रूचं टोक तसंच राहिलं होतं. “हे घासून टाकायला हवं. कुणाला तरी लागेल.”

ताईनं हात मांडीवर घेतला.

“चौथीला काय झालं?” बाईंनी विचारलं. “जसं झालं तसं, क्रमानं.”

“आवाज आला. मग पल्ला पडला.”

“आणि तिसरीला?”

“तिसरीला पल्ला पडला, मग आवाज...” ताई थांबली. “रोजचंच असतं हो. कोण लक्ष देतं?”

“पाणी दिलंत तेव्हा साहेब काही बोलले?”

“नाही. तहान लागली होती त्यांना. एवढंच.”

पडदेवाला ताईचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. ताईनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, इथे चिकटवलं. पोरगेलासा, हसरा, बोलायला चुरचुरीत.

“मला काय विचारताय, मावशी? मी तीन वाजल्यापासून या काउंटरला टेकून उभा होतो. चाळीस माणसांनी पाहिलंय. साहेब बोलले तेव्हा माझ्या हातात चहा होता.”

“एका हातात. दुसरा?”

“दुसरा माझ्याच खांद्याला होता, दुसरीकडे कुठे जाणार!” तो हसला. मॅनेजरही हसला. घड्याळजीही हसले.

“टेपचं यंत्र का अडकलं?”

“जुनं आहे. वेळ लावून ठेवली की आपोआप सुरू होतं, आणि मनात आलं की आपोआप रुसतं.”

“आत घड्याळ आहे?” घड्याळजींनी कौतुकानं विचारलं.

“आहे की! फार नेमकं आहे, काका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. फौजदार घड्याळाकडे बघत उभा होता. अकराला त्याला कोर्ट गाठायचं होतं. वहिनी भिंतीशी बसल्या होत्या, मांडीवर यजमानांच्या चष्म्याची डबी. चारही खिडक्यांमागे त्या दिवशीची चार माणसं आपापल्या जागी बसली.

“नुसतं ऐकायचं आहे,” बाई म्हणाल्या, आणि आत जाऊन त्या दिवशीची टेप लावली.

“तिसरी शर्यत. खिडक्या बंद झाल्या.”

वहिनींनी डबी घट्ट धरली. खिडक्यांमागे कुणी हललं नाही.

मग बाईंनी कपाटातली ती अर्ध्यावर थांबलेली टेप किंचित मागे घेऊन चढवली.

“चौथी शर्यत. खिडक्या बंद करा.”

चार हात वर गेले.

विचार न करता, पापणी लवायच्या आत, अकरा वर्षांच्या सवयीनं ते जिथे मुठी होत्या तिथे गेले. तीन हात हवेत चाचपून ओशाळून खाली आले. चौथा पट्टी बांधलेला होता. तो स्क्रूच्या टोकापाशी पोचण्याआधीच थांबला.

 घड्याळजींना आपला हात आठवला.

“तुमच्या आईनं आमचं काम केलं, घड्याळजी,” बाई बाहेर येत म्हणाल्या. “शब्द कान विसरतो, हात विसरत नाही. आधी साहेब ‘बंद करा’ म्हणत, नव्या नियमानं ‘बंद झाल्या’. पण चौथीला ताईंचा हात मुठीकडे गेला आणि स्क्रूवर सोलला. म्हणजे त्या वेळी आवाज ‘बंद करा’ म्हणाला. तो जुन्या टेपवरचा आवाज होता. साहेब तेव्हा जिवंत नव्हते.”

फौजदार पुढे सरकला. “हातावरून खून सिद्ध होत नाही, बाई.”

“नुसत्या हातावरून नाही. चौथीची घोषणा टेपवर का उतरली नाही? एकच यंत्र एका वेळी बोलेल किंवा ऐकेल. ते बोलत होतं. ते छापील वेळेला, मिनिटाचाही फरक न करता का बोललं? तिकडे घोडे अजून फाटकातच होते. फोन कानाला असलेला माणूस चार मिनिटं आधी चुकेल कशाला?”

“घोडे नाही, घड्याळ सुटलं,” घड्याळजी पुटपुटले.

“बरोबर. वेळ लावून ठेवलेलं यंत्र. पण ते पल्ले पाडू शकत नाही. साहेब आधी कळ दाबत, मग बोलत. चौथीला मात्र आवाज आधी आला नि पल्ला मागून. कुणीतरी आवाजाची वाट बघून दुसरी कळ दाबली. ती या काउंटरखाली आहे.” बाई पडदेवाल्याकडे वळल्या. “चाळीस माणसांनी तुला जिथे पाहिलं तिथेच. एका हातात चहा.”

त्याचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. “मी कशाला मारू त्यांना?”

“टीपकागदावरच्या जोड्या. पहिली वेळ फोनवर ‘सुटले’ ऐकल्याची, दुसरी पडद्यावर सुटताना दिसल्याची. तिन्ही वेळा दोन मिनिटांचा फरक. पडदे तुझ्या हातात. तू चित्र अडवून ठेवायचास. निकाल तिकडून कळला की तुझा माणूस इथे येऊन जिंकलेल्या घोड्यावर पैज लावायचा. फोन बसलाय हे तुला ठाऊक नव्हतं. साहेबांनी त्या दिवशी तुझी चोरी ओळखली. चौथीच्या आधीच तू वायर घेऊन आत गेलास, आणि गोंधळात टेप काढायलाही तूच धावलास. गुंडाळायला मात्र वेळ मिळाला नाही.”

“बनाव आहे सगळा! साहेबांना कळलं होतं हे मला कुठून कळणार? सांगा ना!”

बाईंनी वही चाळली. हे एकच त्यांच्या वहीत नव्हतं. फौजदारानं पुन्हा घड्याळ पाहिलं. वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या कुणाला काही विचारत नव्हत्या, नुसत्या दोन नंबरच्या खिडकीकडे बघत होत्या.

ताई बोटाची पट्टी उलगडत होती. एक वेढा, दुसरा वेढा. खाली सुरीचा काप नव्हता. खरवडलेली, सुजलेली कातडी होती.

“ताई,” भाऊ म्हणाला. “काही बोलू नकोस. तुला माझी शपथ आहे.”

“तुझी शपथ तीन दिवस पाळली रे,” ती म्हणाली. मग तिनं वहिनींकडे पाहिलं. “पाणी द्यायला गेले तेव्हा साहेब म्हणाले, ‘ताई, चित्र दोन मिनिटं मागून येतंय. संध्याकाळी कळवणार आहे. तुम्ही यात नाही हे मला ठाऊक आहे.’ माझं नाव वाचवायला निघाले होते ते. आणि मी बाहेर येऊन याला सांगितलं. म्हटलं, तुझं काही असेल तर आवरून घे.”

फौजदार भावाच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

“त्यानं आवरलं.”

वहिनी खिडकीजवळ आल्या. “तुम्हाला... कधी कळलं?”

ताईनं सोललेलं बोट पल्ल्यावरच्या स्क्रूच्या टोकाशी नेलं, पण टेकवलं नाही.

“माझ्या हाताला तेव्हाच कळलं होतं, वहिनी. तोंडाला वेळ लागला.”